उन्हाचे शहर आणि एक प्रार्थनामंदिर

उन्हासाठी कोणी घरदार सोडून शेकडो मैल प्रवास करील, ही गोष्ट आपल्या मुलखातील माणसाला सहजी पटणारी नाही. वैशाखात सावली शोधणारे आपण. ऊन आपल्याला न मागता, आणि बहुधा गरजेपेक्षा अधिकच मिळालेले आहे. उत्तर युरोपातील माणसाची गोष्ट वेगळी. दुपारी चारलाच काळोखणारे आकाश, आठवडेच्या आठवडे न हटणारे धुके, कोळशाचा धूर आणि त्यातून जडणारे छातीचे विकार, हा त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिवाळा. अशा माणसाला कोणी सांगितले, की फ्रान्सच्या आग्नेय टोकाला, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी भूमध्य समुद्राच्या काठावर नीस नावाचे एक गाव आहे आणि तेथे ऐन जानेवारीत संत्र्याच्या झाडांवर फळे दिसतात, तर त्याला ते वचनदत्त भूमीचेच वर्णन वाटावे, यात नवल नाही.

नीसचे हे आकर्षण अडीच शतकांपूर्वीचे आहे. १७६३ साली टोबायस स्मॉलेट हा स्कॉटिश कादंबरीकार, जो व्यवसायाने वैद्य होता, बिघडलेली छाती आणि एकुलत्या मुलीच्या मृत्यूचे दुःख घेऊन या गावी आला. तेथील हवेची त्याने दररोज नोंद ठेवली आणि १७६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनातून ती इंग्रज वाचकांपुढे मांडली. त्यानंतर इंग्रजांची रीघ लागली. १८२०च्या सुमारास एका कडक हिवाळ्यात अन्नाला महाग झालेले लोक आसपासच्या भागातून नीसमध्ये आले, तेव्हा लुईस वे या अँग्लिकन धर्मगुरूंच्या पुढाकाराने इंग्रज पाहुण्यांनी वर्गणी काढली आणि या लोकांच्या हाताला काम म्हणून समुद्रकाठाने एक पायवाट बांधून घेतली. आज जगभर प्रसिद्ध असलेला ‘प्रॉमनाद देझांग्ले’, म्हणजे इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता, तो हाच. ज्या रस्त्याची छायाचित्रे आज चैनीच्या सहलींच्या जाहिरातींत झळकतात, त्याचा आरंभ दुष्काळी कामासारखा झाला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१८६० साली सव्हॉयच्या राजघराण्याकडून नीस फ्रान्सकडे आले, १८६४ साली तेथे आगगाडी पोहोचली, आणि राजेरजवाडे, उमराव व धनिक यांची तेथे दाटी झाली. शतकाच्या अखेरच्या वर्षांत व्हिक्टोरिया राणी लागोपाठ काही हिवाळे नीसच्या सिमिए टेकडीवर राहून गेली. तिच्यासाठी म्हणून १८९७ साली ‘रेजिना’ नावाचे भव्य हॉटेल तेथे उभे राहिले. या हॉटेलशी आपली पुढे पुन्हा गाठ पडणार आहे.

परंतु या थाटामाटामागे दुसरे एक नीस होते, आणि ते आजाऱ्यांचे होते. क्षयाने ग्रासलेले अंतोन चेखव १८९७च्या आणि १९००च्या हिवाळ्यात तेथे येऊन राहिले. ‘तीन बहिणी’ या नाटकाचे काम त्यांनी तेथे केले. ‘अबाइड विथ मी’ हे गीत आपल्या कित्येक ख्रिस्ती घरांत परिचित आहे, आणि दिल्लीच्या ‘बीटिंग रिट्रीट’ सोहळ्यातही त्याची धून अनेक वर्षे वाजवली जात असे. त्या गीताचे कर्ते हेन्री फ्रान्सिस लाइट हेदेखील छातीच्या दुखण्यासाठी नीसला आले आणि १८४७ साली तेथेच वारले. मावळत्या दिवसाच्या वेळी प्रभूला सोबत राहण्याची विनवणी करणारा हा माणूस युरोपातील सर्वांत उजळ गावी चिरनिद्रा घेतो आहे. नीसचे ऊन ज्यांनी शोधले, त्यांतील अनेकांनी ते मौजेसाठी शोधले नव्हते. आयुष्याची आणखी काही वर्षे मिळावीत, एवढीच त्यांची याचना होती.

२०२१ साली ‘युनेस्को’ने नीसला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, ते हिवाळी विश्रामाचे नगर म्हणून. या विश्रामनगराने माणसाला नेमके काय दिले, हे तपासण्यासाठी पर्यटनाच्या माहितीपत्रकांपेक्षा तेथे आलेल्या एका पाहुण्याच्या कलेकडे पाहणे अधिक उपयुक्त ठरेल. तो पाहुणा म्हणजे विसाव्या शतकातील थोर फ्रेंच चित्रकार आंरी मातीस.

मातीसचा जन्म १८६९ साली फ्रान्सच्या उत्तरेकडील ढगाळ, कापडगिरण्यांच्या प्रदेशात झाला. डिसेंबर १९१७ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या शेवटी, तो नीसला आला आणि समुद्रासमोरच्या एका हॉटेलात उतरला. विलक्षण गोष्ट अशी, की उन्हाच्या या गावाने त्याचे स्वागत पावसाने केले. जवळजवळ महिनाभर पाऊस लागून राहिला. कंटाळून त्याने परत जाण्याचे ठरविले, आणि दुसऱ्याच दिवशी मिस्त्राल नावाच्या उत्तरेकडील वाऱ्याने ढग पळवून लावले. त्या स्वच्छ उजेडाने त्याला असे काही बांधून घेतले, की पुढची सदतीस वर्षे तो मुख्यतः याच परिसरात राहिला आणि ३ नोव्हेंबर १९५४ रोजी नीसमध्येच त्याने देह ठेवला.

या काळाच्या पहिल्या पर्वात, म्हणजे साधारणतः १९१८ ते १९३० या वर्षांत, मातीसने जी चित्रे काढली, त्यांच्याविषयी समीक्षकांत दुमत आहे. खोली, अर्धवट उघडी खिडकी, तिच्या झडपांतून आत आलेले ऊन, पलीकडे समुद्राची एक निळी पट्टी आणि आत आरामात बसलेली किंवा पहुडलेली एखादी स्त्री, हा त्यांचा ठरलेला विषय. प्रस्तुत लेखकाचा मातीसशी पहिला परिचय अशाच चित्रांच्या छापील प्रतींतून झाला, आणि त्यांचा मोह पडला नाही असे म्हटले तर ते खरे होणार नाही. ऊन रंगवायचे तर सूर्य दाखवावा लागत नाही. फरशीवर पडलेला झडपेचा पट्टा पुरतो, हे मातीसने ओळखले होते. उजेड बाहेर असतो तेव्हा तो सर्वांचा असतो, आणि खोलीत येतो तेव्हा जणू आपल्या भेटीला येतो. त्या भेटीचा आनंद या चित्रांत निःसंशय आहे.

तथापि या चित्रांतून काय वगळले गेले आहे, हेही पाहिले पाहिजे. १९२१ पासून मातीस नीसच्या जुन्या वस्तीत, कूर सालेया या बाजारपेठेच्या टोकाशी राहत होता. खिडकीखाली फुलांचा आणि भाजीपाल्याचा बाजार भरे. शेतकरी, कोळी, माल वाहणाऱ्या बाया, असे सारे गाव त्याच्या नजरेच्या टप्प्यात होते. चित्रांत मात्र हे लोक क्वचितच येतात. तो खिडकीकडे पाठ करतो, खोलीत नक्षीदार पडदे टांगतो, भाड्याने आणलेल्या मॉडेलला उत्तर आफ्रिकेतील वस्त्रे नेसवतो आणि जनानखान्यातील दासीचे एक खोटे पूर्वेकडचे जग उभे करतो. ‘ओदालिस्क’ या नावाने ओळखली जाणारी ही चित्रे त्या काळी चांगली खपली. १९२२ साली त्यांतील एक फ्रेंच सरकारनेही विकत घेतले. चित्राने थकल्या माणसाला आरामखुर्चीसारखा विसावा द्यावा, असे मातीसने १९०८ सालीच लिहिले होते. नीसमध्ये ते त्याने अगदी शब्दशः अमलात आणले, असे म्हणावे लागते.

ही पाहुण्याची कला आहे. पाहुणा गावाचे ऊन घेतो, समुद्र घेतो, फळे घेतो. गावातील माणसांची नावे त्याला ठाऊक नसतात. यजमानाच्या सुखदुःखाशी त्याचा संबंध बिलापुरता. यात पाप आहे असे नाही. विसाव्याची गरज प्रभूनेही ओळखली होती आणि थकलेल्या शिष्यांना त्याने एकांत स्थळी नेले होते. परंतु विसावा हेच जेव्हा साऱ्या कलेचे प्रयोजन होऊन बसते, तेव्हा रंग कितीही प्रसन्न असले तरी पाहणाऱ्याला आत कोठेतरी रिकामे वाटू लागते. या चित्रांपुढे दीर्घकाळ थांबल्यावर तसे वाटते, हे नमूद केले पाहिजे.

मातीसच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती आजारपणाने. जानेवारी १९४१ मध्ये लियाँ येथे त्याच्यावर कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यातून तो वाचला, पण यापुढील त्याचे आयुष्य बरेचसे अंथरुणावर आणि चाकाच्या खुर्चीत जायचे होते. या वेळी तो सिमिए टेकडीवरील त्या ‘रेजिना’ इमारतीतच राहत होता. हॉटेलचे दिवस संपून तिचे निवासी गाळे झाले होते. उन्हाच्या शोधात आलेला निरोगी पाहुणा आता नीसच्या जुन्या पाहुण्यांसारखाच एक रुग्ण झाला. १९४२ साली त्याच्या रात्रीच्या शुश्रूषेसाठी मोनिक बुर्झ्वा नावाची एक तरुणी आली. पुढे तिने त्याच्या चित्रांसाठी बैठकाही दिल्या. १९४३ साली बाँबहल्ल्यांच्या भीतीने मातीस डोंगरातील वांस या गावी राहावयास गेला. तिकडे मोनिकने डॉमिनिकन संघात प्रवेश केला आणि ती सिस्टर जाक-मारी झाली.

ही वर्षे नीसच्या दृष्टीने काळीकुट्ट होती. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन सैन्याने शहर ताब्यात घेतले, आणि पाहुण्यांच्या सरबराईसाठी बांधलेल्या एका हॉटेलात ज्यू स्त्रीपुरुषांना पकडून आणून मृत्युछावण्यांकडे रवाना करण्यात येऊ लागले. त्याच शहरात बिशप पॉल रेमों यांनी आपल्या निवासात ज्यू मुलांना वाचविणाऱ्या गुप्त कार्यकर्त्यांना आसरा दिला. ख्रिस्ती संस्थांतून आणि कुटुंबांतून लपविलेली अशी ५२७ मुले त्यायोगे वाचली. १९४४ साली मातीसची पत्नी आणि मुलगी यांना गेस्टापोने अटक केली. प्रतिकारचळवळीत काम करणाऱ्या मुलीचा, मार्गरीतचा, अनन्वित छळ झाला. सुखाच्या खोल्या रंगविणाऱ्या चित्रकाराच्या घरातच क्रूस येऊन उभा राहिला होता.

युद्ध संपल्यानंतर, १९४७ साली, सिस्टर जाक-मारींनी मातीसला आपण काढलेले एक रेखाटन दाखविले. वांस येथील त्यांच्या मठाला धड प्रार्थनामंदिर नव्हते. गळक्या, तात्पुरत्या जागेत धर्मभगिनी प्रार्थना करीत. नव्या मंदिराच्या खिडकीसाठी म्हणून ते रेखाटन होते. मातीसने सल्ला देता देता सारे कामच अंगावर घेतले. त्या वेळी त्याचे वय सत्त्याहत्तरच्या पुढे होते. पुढील चार वर्षे त्याने जवळजवळ दुसरे काही केले नाही. ‘रेजिना’तील आपल्या प्रशस्त खोलीच्या भिंती त्याने मंदिराच्या भिंती मानल्या आणि लांब काठीच्या टोकाला कोळसा बांधून, प्रसंगी अंथरुणावरूनच, तो त्यांवर आकृत्या रेखाटू लागला. २५ जून १९५१ रोजी जपमाळेच्या मंदिराचे अभिषेकविधी झाले. ते करणारे बिशप रेमोंच होते. मातीस प्रकृतीमुळे उपस्थित राहू शकला नाही. त्याने बिशपना पत्र पाठविले आणि साऱ्या उणिवा ध्यानी घेऊनही हीच आपली सर्वश्रेष्ठ कृती होय, असे त्यात कळविले.

हे मंदिर लहान आहे. लांबी जेमतेम पंधरा मीटर. बाहेरून पांढऱ्या भिंती, निळ्या-पांढऱ्या कौलांचे छप्पर आणि लोखंडी पट्ट्यांचा बारीक मनोरा. आत एका बाजूला उंच, अरुंद खिडक्यांची रांग आणि वेदीमागे ‘जीवनवृक्षा’ची खिडकी आहे. रंग तीनच: पिवळा, हिरवा आणि निळा. हा जीवनवृक्ष कोणता, हे कळल्यावर आपल्या वाचकांना गंमत वाटेल. आपल्याकडे बांधावर आणि माळावर दिसणाऱ्या फड्या निवडुंगावरून मातीसने त्याचे आकार घेतले आहेत. भूमध्य समुद्राच्या काठावरही हा निवडुंग रुजलेला आहे. रखरखीत जागी, कोणी पाणी न घालता जगणारे आणि फुलणारे झाड त्याने जीवनवृक्ष म्हणून निवडावे, यातील अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही.

समोरच्या भिंती चकचकीत पांढऱ्या फरशांच्या आहेत, आणि त्यांवर केवळ काळ्या रेषेत तीन चित्रे आहेत: संत डॉमनिक, बाळासह पवित्र मरिया आणि क्रूसाची वाट. संत डॉमनिक आणि मरिया यांच्या चेहऱ्यांवर डोळे, नाक, ओठ काहीच नाही. बाळ येशूने हात फैलावले आहेत, आणि ते क्रूसाच्या आकाराचे झाले आहेत. आई त्याला छातीशी कवटाळीत नाही, जगापुढे धरते. खिडक्यांतून आलेले ऊन या काळ्या-पांढऱ्या भिंतींवर पडते आणि दिवस चढेल तसे निळ्या-हिरव्या-पिवळ्या रंगांचे डाग त्यांवरून सरकत जातात. हिवाळ्यातील सकाळी, सूर्य खाली असताना, हा प्रकाश सर्वांत खोलवर येतो. नीसच्या जुन्या रुग्णांनी ज्या उन्हाची याचना केली, ते हेच हिवाळ्याचे ऊन.

येथे मातीसच्या आधीच्या चित्रांकडे पुन्हा वळून पाहिले पाहिजे. खोली तीच आहे, खिडकी तीच आहे, आत येणारे ऊनही तेच आहे. पापनिवेदनाच्या कक्षाचे जाळीदार दार पाहताना तर जनानखान्याच्या चित्रांतील नक्षीदार पडद्यांची आठवण व्हावी. मातीसने आपले जुने साहित्य टाकून दिले नाही. मात्र खोलीच्या मधोमध जी पहुडलेली स्त्री होती, तिची जागा आता वेदीने घेतली आहे. वेदी तिरकी ठेवलेली आहे, जेणेकरून एकीकडे बसलेल्या धर्मभगिनींना आणि दुसरीकडे बसलेल्या भाविकांना धर्मगुरू सारखेच दिसावेत. तिचा दगड भाकरीच्या रंगाचा आहे. पूर्वी खोलीत आलेला उजेड मालकाच्या सुखासाठी होता. येथे तो येणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. पाहुण्याने गावाकडून घेतलेले ऊन गावाला परत केले, असे या मंदिराचे वर्णन करता येईल.

या मंदिराविषयी सर्वांत कठोर आक्षेप घेतला जातो तो क्रूसाच्या वाटेवर. चौदाही स्थाने एकाच भिंतीवर, खालून वर नागमोडी चढत जातात. रेषा इतक्या ओबडधोबड, की लहान मुलाने घाईने गिरवाव्यात. आपल्या चर्चमधून भिंतींवर रांगेने लावलेली, रंगीत, रेखीव चित्रे पाहत उपवासकाळातील शुक्रवारी भक्ती करणाऱ्या आपल्यासारख्यांना तर हे चित्र प्रथमदर्शनी अनादराचेच वाटेल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या हाताने एका ओघवत्या रेषेत देखणे चेहरे काढले, त्याला येथे सुंदर काढता येत नव्हते असे कोणी म्हणणार नाही. त्याने ते नाकारले. पतन, खिळे, लटकलेले शरीर यांना देखणी रेषा देणे त्याला शक्य झाले नसावे. पोटच्या मुलीचा छळ ज्याने ऐकला, त्याला वेदना सजविता येत नाही, असा या रेषेचा अर्थ लावला तर तो ओढूनताणून आणलेला होणार नाही. आणि एक गोष्ट पाहण्याजोगी आहे: मंदिरातील या आकृत्यांत चेहऱ्याचे अवयव दिसतात ते केवळ एके ठिकाणी, सहाव्या स्थानी, वेरोनिकाच्या रुमालावर. म्हणजे सेवेसाठी पुढे झालेल्या एका स्त्रीच्या हातातच प्रभूचा चेहरा उमटतो. रात्रीच्या परिचारिकेमुळे या कामाकडे वळलेल्या रुग्णाने हे केले आहे.

तरीही या भिंतीत एक उणीव राहते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. क्रूसाची वाट ही चालण्याची भक्ती आहे. भाविक एका स्थानाहून दुसऱ्या स्थानी जातो, गुडघे टेकतो, पुन्हा उठतो. मातीसने चौदा स्थानांचे एकच चित्र केले, तेव्हा ते पाहता येते, पण चालता येत नाही. येथे चित्रकाराने भाविकावर थोडी मात केली आहे.

दुसरा आक्षेप चित्रकाराच्या श्रद्धेविषयी होता. मातीस नियमाने धर्माचरण करणारा नव्हता. काम करीत असतो तेव्हा आपली श्रद्धा असते, अशा अर्थाचे त्याने १९४७ साली लिहिले. पिकासोला तर हा उद्योग अजिबात रुचला नाही. मंदिरापेक्षा बाजार का बांधत नाही, असे त्याने मातीसला विचारले. उलट फादर कूत्युरिये या डॉमिनिकन धर्मगुरूंनी, श्रद्धाळू पण सामान्य कलावंतापेक्षा प्रतिभावंताच्या हाती चर्चची कला सोपवावी, असा आग्रह धरला आणि संत डॉमनिकच्या चित्रासाठी ते स्वतः मातीसपुढे उभे राहिले. ख्रिस्तसभेला हा प्रश्न सोपा वाटला नाही; १९५२ साली रोममधून पवित्र कलेविषयी सावधगिरीच्या सूचना निघाल्या. पुढे पोप सहावे पॉल यांनी आधुनिक कलावंतांशी संवाद सुरू केला, आणि २०११ साली व्हॅटिकनच्या संग्रहालयात या मंदिराच्या मूळ आराखड्यांसाठी स्वतंत्र दालनच उघडले. साठ वर्षांत संशयाकडून सन्मानाकडे झालेला हा प्रवास आहे. कोणाच्या हातून प्रभू आपले घर बांधून घेईल, हे आधी ठरविणे आपल्या अखत्यारीत नाही, एवढे त्यावरून शिकता येते.

नीसला आजही उन्हासाठी लोक जातात. १४ जुलै २०१६च्या रात्री त्याच प्रॉमनादवर आतषबाजी पाहण्यास जमलेल्या गर्दीत एक मालमोटार घुसविण्यात आली आणि ८६ जणांचे प्राण गेले. २९ ऑक्टोबर २०२० रोजी शहरातील नोत्रदाम बॅसिलिकात तिघांची हत्या झाली. त्यांत चर्चची देखभाल करणारे एक सेवकही होते. ऊन कोणाचेही रक्षण करीत नाही, हे त्या शहराला पूर्वीही ठाऊक होते. तरी लोक पुन्हा त्या रस्त्यावर फिरू लागले आणि त्या बॅसिलिकात पुन्हा मिस्सा होऊ लागली.

आपल्यापैकी फार थोडे जण वांसपर्यंत जातील. परंतु आपल्या धर्मग्रामांतूनही चर्चचे नूतनीकरण होते, तेव्हा रंगीत काच, संगमरवर आणि विजेची रोषणाई यांवर बराच खल होतो. अशा वेळी हे छोटे प्रार्थनामंदिर आठवावे. तीन रंगांच्या काचा, पांढरी भिंत आणि काळी रेषा, एवढ्यावर एका वृद्ध रुग्णाने प्रभूचे घर सजविले. बाकीचे काम त्याने सकाळच्या उन्हावर सोडले, आणि ते ऊन तर आपल्याकडे दररोज दारात येऊन उभे असते.